सोनबाची कमान

आमच्या आप्पांबद्दल चार चांगले शब्द बोला, असं मला कुणी सांगू नका. मी त्यांची मुलगी आहे, मला सगळं माहीत आहे. हार घालायचे असतील तर बाहेरच्यांनी खुशाल घालावेत.

दत्तोबा पहिलवान म्हणून हडपसरात त्यांना सगळे ओळखतात. तरुणपणी जत्रांमधून कुस्त्या केल्या. जिंकलेल्या तेवढ्या त्यांना तोंडपाठ आहेत, हरलेल्या एकाही जत्रेचं नाव आठवत नाही. पुढे तालीम सुटली आणि म्हशी आल्या. नंतर जमीन विकली गेली, शेताच्या जागी कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी आप्पांनी म्हशी काही काढल्या नाहीत. कंपनीतली पोरंपोरी मागे गाड्यांचे हॉर्न वाजवत बसायची आणि हे पुढे म्हशींना मुद्दाम सावकाश हाकायचे. "म्हशीला घाई नाय," म्हणायचे, "तुमाला आसंल तर उडून जावा."

त्यांचा आणखी एक थाट होता. ते पाठीवर आडवे होत नसत. "पहिलवानाची पाठ जमिनीला लागत नसती," असं ठणकावून सांगायचे आणि पडवीतल्या आरामखुर्चीत अर्धवट बसून झोपायचे. आई होती तोपर्यंत ती वैतागून म्हणायची, "अहो, इथं तुम्हाला चीत करायला कोण टपलंय?" पण आम्हा पोरांना मोठा अभिमान होता. आमचे वडील झोपेतसुद्धा कुस्ती हरत नाहीत, असं मी शाळेत सांगत फिरायचे.

माझं लग्न झालं आणि मी शनिवार पेठेत गेले. पेठेत राहून शालीची जीभ फार चालायला लागली, असं आप्पा म्हणतात. त्यांनी स्वतःची ऐकली नाही कधी.

तर माझ्या धाकट्या भावाला, हिंदुरावला, मुलगा झाला. त्याची बायको हेमा सासवडची, बी.कॉम. झालेली, शांत पोरगी. तिने हौसेनं दोन-तीन नावं काढून ठेवली होती. आप्पा म्हणाले, माझ्या वस्तादांचं नाव ठेवायचं, सोनबा. झालं! अवतीभवती सगळी आर्यन आणि ओम, आणि आमच्या पाळण्यात सोनबा. आत्या मी, तेव्हा बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा. मी वाकून "सोनबा" म्हटलं आणि त्या लेकराने भळ्ळकन माझ्या नव्या साडीवर दूध टाकलं. मला वाटलं, नाव पटलं नसावं.

तान्हं मूल दूध टाकतंच, त्यात नवल काय! खांद्यावर फडकं टाकायचं आणि कामाला लागायचं. पण सोनबाचं पुढे पुढे निराळंच व्हायला लागलं. दूध पिऊन झालं की किंचाळायचा. दोन घोट घ्यायचा, तोंड फिरवायचा, परत भुकेनं रडायचा. अंगाला आंबूस वास. आडवं केलं की पाठीची कमान करून मान मागे टाकायचा, लालबुंद व्हायचा. उचलून खांद्याला लावलं की जरा गप्प.

आता कुठल्याही शहाण्या माणसाला वाटेल, पोराला काहीतरी होतंय. आमच्या आप्पांना काय वाटलं असेल? त्यांना वाटलं, पोरगं कुस्ती खेळतंय!

कुस्तीत पहिलवान चीत व्हायला आला की डोकं टेकवून पाठीची कमान करतो, म्हणजे पाठ मातीला लागत नाही. सोनबाची ती वेदनेची कमान बघून आप्पांना कोण आनंद झाला. "आरं, ह्याला शिकवावं लागत नाय! पोटातनं शिकून आलंय!" त्यांनी गेनबाला बोलावलं. गेनबा म्हणजे आप्पांचा तालमीतला जोडीदार आणि जन्माचा वैरी. एकमेकांशिवाय दोघांना चहा जात नाही. त्याचाही एक नातू होता, लोण्याच्या गोळ्यासारखा गुबगुबीत. आप्पांनी सोनबाला दूध पिऊन झाल्याबरोबर मांडीवर आडवं घेतलं, पोराने किंचाळत कमान केली, आणि आप्पा म्हणाले, "बघ गेनबा! पाठ टेकू देतो का बघ!" दोन म्हातारे खूश होऊन टाळ्या देतायत आणि हेमा दारात उभी राहून पदराने डोळे पुसतेय. हा तमाशा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. मी तेव्हा काही बोलले, त्यावर "तुला काय कळतं कुस्तीतलं" हे उत्तर मिळालं.

मग पहिलवानाची जोपासना सुरू झाली. पोट आवळलेलं बरं म्हणून लंगोट करकचून बांधायचा. पाठ जमिनीला लागायला नको म्हणून पालथं झोपवायचं. आणि दूध टाकलं की, बाहेर पडलं तेवढं लगेच परत भरायचं. "टाकी गळती म्हणून कोन पानी भरायचं सोडतं का?" असा त्यांचा सवाल. हिंदुराव कंपनीत शिफ्टला जातो आणि घरात तोंड उघडायचं काम त्याने इतरांवर सोपवलंय, त्यामुळे अडवणारं कुणी नव्हतं.

लस द्यायला नेलं तेव्हा वजन केलं. म्हणावं तसं वाढलेलं नव्हतं. आणि इथे आप्पांचा मोहरा हेमाकडे वळला. नातू तर अस्सल पहिलवान, मग खोट कुठे असणार? सुनेच्या दुधात! दूध पाणचट आहे, म्हणाले. तिचं ताक बंद, डाळ बंद, वांगं बंद, केळं बंद, मिरची तर बघायचीही नाही. मऊ भात आणि तूप, एवढंच. वर विहीणबाईंना सासवडला फोन करून सांगितलं, "तुमच्या पोरीचं दूध पानचट हाय. आमच्यात म्हशीचं आसं झालं तर आमी पेंड बदलतो."

म्हशीचं! त्या माउलीने फोन ठेवला आणि ती दिवसभर रडली, हे हेमाला नंतर तिच्या भावाकडून कळलं.

इतक्यावरही थांबले नाहीत. गणपतीत मंडळाची सुदृढ बालक स्पर्धा असते. मंडळाचे अध्यक्ष कोण, तर आप्पा. गेनबाचा नातू उतरणार होता. "गनपती झालं की सोनबाला आईचं दूध बंद," आप्पांनी जाहीर केलं, "म्हशीच्या दुधावर टाकायचा. मग बघा कसा भरतो."

मी गेले तेव्हा हेमा माजघरात बसून सोनबाला पाजायचा प्रयत्न करत होती. तो तोंड लावायचा, दोन घोट घ्यायचा आणि तिच्याच छातीवर लाथा झाडत मागे कलंडायचा. ती इतकी वाळली होती की मला ओळखू येईना. मला म्हणाली, "ताई, मी काय कमी करते हो? त्याला माझी किळस येते का?"

पहिल्या लेकराच्या आईने असं विचारावं? मी तशीच पडवीत गेले आणि आप्पांना म्हटलं, "उठा. पोराला डॉक्टरकडे नेतेय."

"डाक्टर काय करनार? त्यानं कधी लंगोट लावलाय का?"

"डॉक्टर बाई आहेत. लंगोट नसतील लावत. तुम्ही यायचं तर या, नाहीतर म्हशींना बाराखडी शिकवत बसा."

आले. मागे राहतील कसले! रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी अर्धी मांडी टेकवून बसले आणि सबंध वाट त्याला खुराकाचं महत्त्व सांगितलं.

डॉक्टर मुमताज बागवान यांचा दवाखाना गावातच आहे. त्यांचे वडील मंडईत फळं विकायचे. बाईंनी डिग्री कॉलेजातून घेतली असली तरी आवाज गाळ्यावरूनच घेतलेला. त्यांनी सोनबाला तपासलं, वजन केलं, आधीच्या वजनाशी ताडून पाहिलं, आणि हेमाला एकेक विचारायला लागल्या. उलटी हिरवी असते का? कधी रक्त? दूध लांब फेकल्यासारखं उडतं का? ताप? लंगोट दिवसभरात नीट ओले होतात का? हेमा एकेकाला उत्तर देत होती. हिरवी नाही, रक्त नाही, उडत नाही, नुसतं ओघळतं, मधेच दह्यासारखे घट्ट गोळे पडतात.

"आडवं केलं की जास्त रडतो?"

"हो."

"उभा धरला की शांत?"

"हो."

"त्याला नेमकं काय होत असेल, ते..." बाई पुढे बोलणार, तेवढ्यात मागून आप्पा म्हणाले, "छातीच्या मदोमद निखारा ठेवल्यावानी व्हतं. आंबट पानी पार नरड्याशी येतं. आडवं पडलं की वरच सरकतं. मग आसं वाटतं, मान मागं टाकावी, छाती तानावी, म्हंजी जरा वाट मोकळी व्हईल. बसलं की मग उतरतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, हे तुम्हाला बाळाने सांगितलं का?"

आप्पांचा चेहरा असा झाला की काय सांगू! तोंडातून सुटलेलं परत गिळता येईना. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. म्हणजे ती आरामखुर्ची! ती पहिलवानाची पाठ! अहो, इतकी वर्षं हा माणूस पित्ताने जळत होता आणि आम्हाला शौर्य सांगत होता!

"आप्पा," मी म्हटलं, "मी शाळेत सांगत फिरले हो."

"थोडं व्हतं कदी कदी," आप्पा जमिनीकडे बघत म्हणाले. "पहिलवानाला पचत नाय म्हनल्यावर लोक काय म्हनतील?"

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी समजावून सांगितलं. जठराच्या वरच्या तोंडाशी एक झडप असते. तान्ह्या बाळाची ती अजून ढिली असते, म्हणून दूध वर येतं. बहुतेक बाळांना त्याचा त्रास होत नाही, दूध टाकतात आणि हसत बसतात. सोनबासारख्यांना मात्र आंबट पाणी वर येऊन जळजळतं. ती कमान म्हणजे ताकद नव्हे, दुखणं आहे. बसायला लागला की कमी होईल, वर्षाच्या आसपास बहुतेकांचं थांबतं.

मग त्यांनी विचारलं, "उलटीत दह्यासारखे घट्ट गोळे पडतात, म्हणालात. वरचं दूध देता का?"

"नाही," हेमा म्हणाली. "माझंच."

बाई आप्पांकडे बघत राहिल्या. मंडईत दांडी मारणारा तराजू ओळखणाऱ्या घरातल्या होत्या त्या. आप्पांनी आधी छताकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या लसीच्या तक्त्याकडे, आणि मग म्हणाले, "थोडंसं. म्हशीचं. बोंडल्यानं."

हेमा पाण्याला गेली, न्हाणीत गेली, की हा मनुष्य पोराला गोठ्याकडे नेऊन बोंडल्याने म्हशीचं धारोष्ण दूध पाजत होता. ते पोराला सोसत नव्हतं. भरलेल्या पोटावर आणखी भरत होता. वर करकचून लंगोट. मग ते सगळं उलटायचं आणि बोल कुणाला? हेमाला!

हेमा कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही नाही चढवला. नुसती म्हणाली, "म्हणजे तुम्ही पाजलेलं त्याने टाकलं, आणि तुम्ही माझ्या आईला फोन केलात."

आप्पा परत लसीचा तक्ता वाचायला लागले. आमच्या घराण्यात वाचन ही घटना दुर्मीळ.

बाईंनी मग नियम घालून दिले आणि आप्पांनी एकेकावर हुज्जत घातली. म्हशीचं, गाईचं दूध वर्षापर्यंत बंद. "पान्यासारखं पातळ केलं तर?" "तरीही बंद." गुटी नको, मध नको. आईचं दूध थोडं थोडं, पण जास्त वेळा. मधे थांबून ढेकर काढायचा. टाकलं म्हणून लगेच परत भरायचं नाही. प्यायल्यावर अर्धा तास उभं धरायचं, लगेच मालिश नाही, झोके नाहीत. लंगोट सैल. झोपवायचं मात्र पाठीवर, सपाट, उशी न घेता.

"पाठीवर?" आप्पा उसळले. "आन् वर आलं म्हंजी? माझ्यावानी खुर्चीत बशिवतो की!"

"तुमची खुर्ची तुमच्यापुरती. एवढ्या बाळाची मान पुढे पडली तर श्वास कोंडतो. पालथं झोपवणंही धोक्याचं, झोपेत नाक दबलं तर त्याला मान वळवता येत नाही. पाठीवर झोपलेलं बाळ दूध वर आलं तरी आपसूक गिळतं. पालथं घालायचं ते जागेपणी, तुम्ही समोर बसून. आणि तुम्ही स्वतः मोठ्यांच्या डॉक्टरकडे जा. या वयात अशी जळजळ अंगावर काढू नये."

औषध नाही दिलं. आधी हे करून बघू, म्हणाल्या. वजन करायला आठवड्याने या, आणि हिरवी किंवा रक्ताची उलटी झाली, पिणं सोडलं, लघवी कमी झाली, श्वास लागला, तर वाट न बघता तडक या. निघताना हेमाला म्हणाल्या, "आणि तुम्ही पोटभर जेवा. डाळ, ताक, वांगं, सगळं. दुधात काही खोट नाही तुमच्या."

हेमा तिथेच रडायला लागली. मीही रडले. आप्पा रिक्षा बघायला बाहेर गेले.

त्या दिवसापासून आप्पांनी एक काम आपणहून अंगावर घेतलं. हेमाचं पाजून झालं की सोनबाला खांद्यावर उभा धरायचा आणि पडवीत येरझाऱ्या घालायच्या. माफीबिफी काही नाही, नुसत्या येरझाऱ्या. पांढऱ्या सदऱ्यावर पाठीमागे दुधाचे ओघळ घेऊन पहिलवान गावभर फिरायला लागले. दूध टाकणं काही लगेच थांबलं नाही, पण किंचाळणं हळूहळू कमी झालं. सोनबा पोटभर प्यायला लागला, वजन पुढे सरकलं. आईचं दूध बंद करायचा विषय आप्पांनी परत काढला नाही. पण गावात मात्र सगळ्यांना ठाऊकच होतं, दत्तोबाच्या सुनेचं दूध पाणचट आहे म्हणून. कारण आप्पांनीच ते चहाच्या टपरीपासून दूध डेअरीपर्यंत सांगून ठेवलं होतं. बायका हेमाला वाटेत थांबवून शतावरी सुचवायच्या.

गणपती आले. स्पर्धेला हेमाची अजिबात इच्छा नव्हती, पण नाव आप्पांनी आधीच दिलेलं. मांडवात वजनाचा काटा ठेवला होता. गेनबाचा नातू काट्यावर बसला तेव्हा टाळ्या पडल्या. सोनबाचं वजन पुकारलं तेव्हा मागे कुणीतरी फिसकन हसलं. वजन वयाला ठीकच होतं, पण त्या लोण्याच्या गोळ्यानंतर कुणाला पटणार! गेनबा मोठ्याने म्हणाला, "दत्तोबा, तुजी म्हस बरी रं! सुनंचं पानी पाजन्यापरीस म्हशीचं पाज!"

हेमाने मान खाली घातली. मी चप्पल हातात घेणारच होते, खोटं कशाला बोलू.

आप्पा अध्यक्षांच्या खुर्चीतून उठले. माइक हातात घेतला. तो आधी खरखरला, मग किंकाळला, मग आप्पांचा आवाज आला.

"गेनबा, गप बस. सुनंचं दूध येक नंबर हाय. म्हशीचं दूध मीच पाजलं, चोरून. पोराला त्यानंच तरास झाला. बोल मी तिला लावला. पोट माझ्या घरान्याचं वाईट हाय. मला सोताला वीस वर्सं आंबट पानी येतंय, आडवं पडवत नाय म्हनून मी खुर्चीत झोपतो. पहिलवानकीचा काय संबंद नाय त्याच्यात. आता हसा."

हसले की! गेनबा तर पोट धरून हसला. हिंदुराव, ज्याने घरात कधी तोंड उघडलं नाही, त्याचं ते उघडंच राहिलं. आप्पा माइक धरून उभे, कान लाल. आणि मला, त्यांच्या मुलीला, आयुष्यात पहिल्यांदा या म्हाताऱ्याचा खराखुरा अभिमान वाटला.

मी हेमाकडे पाहिलं. वाटलं, आता ही येऊन पाया पडणार, सगळं गोड होणार. हेमा उठली, सोनबाला माझ्याकडे दिलं, हिंदुरावच्या खिशातून त्याचा मोबाईल काढला आणि सरळ स्टेजवर गेली. नंबर लावून तिने मोबाईल आप्पांसमोर धरला.

"आप्पा, मांडवाला सांगितलंत. आता माझ्या आईला सांगा. म्हशीची पेंड तुम्ही तिला सांगितली होती."

आप्पांनी फोनकडे पाहिलं, हेमाकडे पाहिलं. मांडवभर हशा त्यांनी सोसला होता, पण आता फोन घ्यायच्या आधी त्यांनी सदरा ओढून नीट केला. त्यांनी फोन कानाला लावला. दुसऱ्या हातातला माइक खाली ठेवायचं भान राहिलं नाही, त्यामुळे सगळ्या हडपसरने ऐकलं.

"विहीनबाई, दत्तोबा बोलतोय. तुमच्या पोरीच्या दुधात काय खोट न्हवती. माझं चुकलं."

मग सासवडचा आवाज सुरू झाला, इतका चढा की माइकमधून आम्हालाही ऐकू येत होता. विहीणबाईंनी म्हशीपासून सुरुवात केली, पेंडीवर आल्या, तिथून आप्पांच्या अकलेवर, आणि तिथून त्यांच्या वस्तादांपर्यंत गेल्या. आप्पा एवढंच म्हणत होते, "व्हय. व्हय, बरोबर हाय. व्हय." फोन त्यांनी कानापासून हलवला नाही.

हिंदुराव माझ्या कानाशी लागला, "ताई, हेमाला सांग, आता बास. फोन घे म्हणावं."

मी हेमाला खूण केली. तिने मानेनंच नाही म्हटलं, अध्यक्षांची खुर्ची ओढून तिच्यावर बसली आणि आईचं बोलणं पुरं व्हायची वाट बघत राहिली.